थोरलीचा दुसरा गिअर

आमच्या आत्याला एकच मुलगी, आणि अख्खं गाव तिला धाकटी म्हणतं. परगावचा माणूस इथेच अडतो. "मग थोरली कुठे दिली?" असं विचारतो. आम्ही बोट दाखवतो. ती काय, बेकरीच्या भिंतीला टेकून उभी आहे. एक दिवा फुटका, पुढचा बंपर तारेने बांधलेला, आणि पोटाखाली ऑइल धरायला पत्र्याचा डबा.

थोरली म्हणजे गाडी. आत्याच्या नवऱ्याची बेकरी होती. लग्न झाल्या झाल्या दोघांनी पाव पोचवायला ही गाडी घेतली, मुलगी झाली ती नंतर. त्या दिवशी बेकरीवाला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटेल त्याला सांगत सुटला, "धाकटी झाली, धाकटी!" नर्स थबकली. "अहो, पहिलीच खेप ना?" तर हा म्हणतो, "हिची पहिलीच. पण घरी एक आहे ना!" मग काय विचारता! पुढे वर्षभर काही बायका त्या घरच्या एकीची आई कोण, याचा तपास करत होत्या. मी नावं घेत नाही. त्यातली एक माझ्याच घरात राहते आणि हे वाचणार आहे.

बेकरीवाला लवकर गेला. धाकटी तेव्हा शाळेत होती. आत्याने भट्टी चालवून बघितली, पण तिच्या हाताला पाव नव्हता. आमच्या शाळेच्या हेडबाई, आता निवृत्त, पण जीभ अजून नोकरीत आहे, त्या एकदा म्हणाल्या होत्या, "हा पाव खिडकीतून पडला तर पावाची नाही, खालून जाणाऱ्याची चौकशी करावी." आत्या तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि चौथ्या दिवशी भट्टी बंद केली. गाडी मात्र ती अशी चालवायची की बघत राहावं. आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर, दवाखाना, बँक, कचेऱ्या सगळं खालच्या शहरात. त्याच सुमारास वर येणारी बस बंद झाली. प्रवासी कमी आहेत म्हणे! आम्ही काय मग दगड होतो? एकेक माणूस पावाच्या ट्रेमध्ये अंग चोरून बसायला लागला. हळूहळू ट्रे गेले, बाकं आली. अजूनही दमट हवा असली की थोरलीच्या आत पावाचा वास येतो. आत्याच्या पावाचा नव्हे, नवऱ्याच्या.

अशी ती सगळ्या गावाची आत्या झाली. सकाळी खाली न्यायचं, दुपारी वर आणायचं. तिचा राग गिअरवर चालतो. पहिल्यात नुसती बघते, दुसऱ्यात "बरं" म्हणते, तिसऱ्यात तुमच्या वडिलांची आठवण काढते. चौथा टाकला की आम्ही घरी जातो. तिला आत्या न म्हणणारा गावात एकच माणूस होता. तो तिला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचा. हे आमचे घड्याळजी. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसलोय.

घड्याळजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान चौकात, भिंतीवर इतकी घड्याळं की एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. वेळ विचारली तर म्हणायचे, "कुठली हवी?" पुढे त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि आठवड्यातून तीनदा खालच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायची वेळ आली. त्यांना पुढची सीट मिळाली ती आजारी म्हणून. टिकली मात्र वेगळ्या कारणाने.

थोरलीत फुकट कोणी बसत नाही. म्हणजे पैशांचं म्हणत नाही मी. प्रत्येकाला काम आहे. हेडबाई दाराशी बसतात आणि दाराची दोरी धरतात, नाहीतर दार उघडतं. आमचे शिंपी मागे बसतात, मांडीवर लाकडी ठोकळा घेऊन. तो चाकामागे लावायचा असतो. मी, गावचा जुना केस कापणारा, उजवीकडच्या खिडकीची काच तळहाताने वर धरून बसतो. आणि घड्याळजी दुसरा गिअर धरतात. थोरलीचा दुसरा गिअर चढावर टिकत नाही, उडी मारून बाहेर येतो. तेव्हा आत्याने दांडा आत ढकलायचा आणि घड्याळजींनी त्यावर हात ठेवून तो तिथेच दाबून ठेवायचा. दर खेपेचं बोलणं ठरलेलं.

"धरलात?"

"धरला."

एवढंच. पण एवढ्या शब्दांत माणसं काय काय बोलू शकतात ते मागे बसून काच धरणाऱ्याला विचारा.

आता चढाबद्दल. परतीच्या वाटेवर एक वाकडं झाड लागतं आणि तिथून चढ सुरू होतो. भरलेली थोरली तो चढत नाही. झाडाशी दुसऱ्या गिअरची घरघर ऐकू आली की आम्ही सगळे उतरतो आणि मागे चालत राहतो. शिंपी ठोकळा घेऊन चाकाजवळ. कोणी 'उतरा' म्हणत नाही. आत्याने तर जन्मात म्हटलं नाही. वर्षानुवर्षांची सवय, पायांना आपोआप कळतं. आणि खोटं कशाला बोलू, गावातला सगळा खरा कारभार त्या चढावरच चालतो. कोणाचं लग्न जमतंय, कोणाचं मोडतंय, कोणी नवी साडी कोणाला दाखवायला घेतली, सगळं. गाडीत मागे दोन शब्द बोलले तरी आत्याला ऐकू जातं ना!

गाडीत मग दोघंच उरतात. ती, कारण चालवायला कोणीतरी हवं. आणि ते, कारण त्यांना चढ झेपत नाही आणि गिअर कोण धरणार? चढभर दोघं काय बोलतात हे गावातलं सगळ्यात मोठं कुतूहल. शिंप्यांनी एकदा मागच्या दाराला कान लावून चालायचा प्रयत्न केला. वर पोचले तेव्हा तोंड धुराने असं काळं झालं होतं की त्यांच्या बायकोने आधी ओळखलंच नाही.

"काही ऐकू आलं का?" मी विचारलं.

"आलं की. इंजिन."

तर असं छान चाललं होतं. मग गाड्या तपासणाऱ्या साहेबांनी थोरलीच्या पोटाखाली दिवा घालून बघितलं आणि बाहेर येऊन टोपी काढली. जशी आपण कोणाच्या दारात काढतो तशी. "आत्या, यंदा देतो दाखला. पुढच्या खेपेला माझ्याकडे आणूही नका."

झालं. दाखला संपला की गाडी बंद. गाडी बंद म्हणजे आम्ही माथ्यावर अडकलो. आणि घड्याळजींचं काय? त्यांचा मुलगा मोठ्या शहरात असतो, स्वभावाने चांगला आहे. त्याने वडिलांसाठी खोली तयार ठेवली होती, जवळच दवाखाना, इमारतीला लिफ्ट. गाडी थांबली की त्यांनी तिकडे जायचं, असं ठरलं होतं. हे त्यांनी मला माझ्या खुर्चीत बसून सांगितलं, मानेवर वस्तरा असताना.

"ड्रायव्हरसाहेबांना सांगू नका," ते म्हणाले. "माझ्यासाठी म्हणून त्यांना कोणापुढे हात पसरायला लागू नये."

मी फक्त माझ्या बायकोला सांगितलं. दिवेलागणीच्या आत गावाला कळलं. पण आत्याला? एकानेही सांगितलं नाही. आमच्या गावाने गुपित पाळल्याचा हा एकच प्रसंग. त्याचा ताण सगळ्यांना इतका आला की दोघी जणी आजारी पडल्या.

धाकटी खाली जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून आहे. चटपटीत पोरगी, आईसारखीच, पण पावाची बाजू बापाकडून घेतलेली, म्हणजे मऊ. तिने बटणवाल्यांच्या न्यासाकडे अर्ज केला. बटणवाले म्हणजे असं बघा, कोणे एके काळी एका बाईने बटणांचा कारखाना काढला, अमाप पैसा केला आणि मरताना सांगून गेली की हा पैसा आडबाजूच्या गावांना द्या, कारण माझ्या कारखान्यात कामाला आलेल्या मुली तिथूनच आल्या होत्या. तेव्हापासून न्यास कुठे विहीर देतो, कुठे वाचनालय. आमच्या वाटेतल्या खालच्या गावाला त्यांनी सभागृहाचं छप्पर दिलं. तेव्हापासून ती माणसं आमच्याशी बोलताना अधूनमधून वर छपराकडे बघतात.

अर्ज गेल्यावर धाकटीने सगळ्यांना बेकरीत बोलावलं. थंड भट्टीभोवती आम्ही बाकड्यांवर बसलो. आत्या उभी.

"काय लिहिलंयस माझ्या थोरलीबद्दल? वाच."

धाकटीने वाचलं. गाडी फार जुनी आहे, दार बंद होत नाही, चढ चढत नाही...

"चढत नाही?" आत्याचा दुसरा गिअर. "मग रोज वर कोण आणून सोडतं तुम्हाला? विमान?"

"आई, आपण उतरतो म्हणून चढते ती."

"पाय मोकळे करायला उतरतात ही माणसं! मी कधी म्हटलं का उतरा? हेडबाई, म्हटलं का?"

"नाही म्हटलंस," हेडबाई म्हणाल्या. "पण आत्या, मी उतरले नाही तर गाडी मागे जाते गं. माझं वजन तुला माहीत आहे, मला माहीत आहे, उगाच चारचौघांत कशाला?"

"सख्ख्या बहिणीची बदनामी," आत्या मुलीला म्हणाली. "तीही शिक्का मारून! आणि कोणापुढे? परक्यापुढे!"

"परके कसले?" शिंपी मध्येच म्हणाले. "आयुष्यभर त्यांचीच बटणं लावली मी. अर्धा न्यास माझ्या सुईवर उभा आहे. आपलेच पैसे परत मागतोय."

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिची नजर एकदाच, हळूच, घड्याळजींकडे गेली. ते मान खाली घालून कोणाचं तरी मनगटी घड्याळ कानाशी धरून बसले होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला काय कळत नव्हतं थोरलीचं? रोज हातात असलेल्या गाडीचं दुखणं तिला आमच्याहून जास्त ठाऊक. पण नव्या गाडीचा गिअर उडी मारत नाही. तो धरायला कोणी लागत नाही. मग पुढच्या सीटवर बसायचं कारण काय आणि चढभर हाताजवळ हात ठेवायचं निमित्त काय? आणि तिला वाटत होतं, थोरली काहीतरी करून चालेल, पुढच्या वर्षी साहेब बदलेल. गाडी बंद झाली तर माणूसच जाणार आहे, हे तिला माहीत नव्हतं. आम्हाला होतं. आणि आम्ही ओठ शिवून बसलो होतो.

न्यासाच्या बाई गाडी बघायला येणार असं कळलं. दुपारी शहरातून आमच्याबरोबर बसून वर यायचं असं ठरलं. आत्याने मिस्त्रीला कामाला लावलं. प्लग बदलले, दिव्याला काच लावली, बंपरच्या तारेला रंग दिला. त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात आम्हाला रांगेत उभं करून तिने हुकूम सोडला.

"आज कोणीही उतरायचं नाही. झाड येऊ दे, चढ येऊ दे, आभाळ कोसळू दे. जो उतरेल तो उद्यापासून पायी."

"आणि गाडी मागे आली तर?" शिंपी.

"माझी थोरली आजवर कधी मागे आली आहे?"

शिंप्यांनी ठोकळ्याकडे बघितलं. ठोकळ्याला चाकाचे इतके व्रण होते की त्याने उत्तर दिलं असतं. पण तोही घाबरला असावा.

तेवढ्यात धाकटी बाईंना घेऊन आली आणि जाताजाता आमच्या कानात कुजबुजली, "रोज जसं वागता तसंच वागा." बघा आता! आईचं ऐकावं की मुलीचं? आम्ही डोळ्यांनीच मतदान केलं. आत्याची भीती बहुमताने जिंकली.

न्यासाच्या बाई म्हणजे ठेंगणी, चपटे बूट घातलेली, खांद्याला भलीमोठी पिशवी, आणि ऐकताना मान अशी वाकडी करायची की समोरच्याने ठरवलं होतं त्याहून जास्त बोलावं. माझ्या धंद्यात आली असती तर मला उपाशी मारलं असतं तिने. हेडबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. थोरली निघाली. नव्या प्लगवर चांगली धावत होती हो, मीही चाट पडलो. खालचं गाव आलं, हेडबाईंनी छप्पर दाखवलं आणि म्हणाल्या, "गळतं असं ऐकलंय." आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.

"आणि या गाडीचा काय अनुभव?" बाईंनी विचारलं.

आत्याची पाठ ताठ झाली. आरशात तिचे डोळे हेडबाईंवर रोखलेले. हेडबाईंनी घसा साफ केला.

"गाडीबद्दल म्हणाल, तर मी इतकी वर्षं रोज बसते..."

वाकडं झाड आलं. क्लच दाबला गेला.

"धरलात?"

"धरला."

घरघर झाली.

"...पण त्रास म्हणून असा काहीच," हेडबाईंनी दोरी सोडली, दार सरकवलं, पदर सावरला आणि उतरल्या, "नाही हो. अगदी घरच्यासारखी गाडी आहे!" शेवटचे शब्द त्यांनी रस्त्यावरून चालता चालता म्हटले. त्यांच्यामागून शिंपी ठोकळा बगलेत मारून उतरले. मी काच हळूच खाली सोडली आणि उतरलो. रोज ठणकावून खरं बोलणारी ती धाकटी, तीही उतरली! आम्ही झाडाच्या पुढे बरेच चालून गेलो, शिंप्यांनी मला कोणाच्या तरी साखरपुड्याचं विचारलंही, आणि मग हेडबाई एकदम थांबल्या.

"अगंबाई! आपण उतरलो की!"

"मी नाही," शिंपी म्हणाले. "मी फक्त ठोकळ्यासाठी..."

"सगळ्यांत आधी तुम्ही उतरलात, हेडबाई," मी म्हटलं.

"मी बोलत होते! बोलताना मी कधी पायांकडे बघते का?"

"परत चढू या का?" धाकटी.

"आता चढलो तर ती मागे येईल," शिंपी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

थोरली धूर सोडत पुढे चालली होती. आत, रिकाम्या बाकांच्या मधोमध, न्यासाच्या बाई एकट्या बसलेल्या, आणि त्यांची मान अजून हेडबाईंच्या रिकाम्या जागेकडे वाकडी. उद्यापासून पायी, हे एक. आणि अनुदान गेलं, घड्याळजी गेले, हे दुसरं. त्या दिवशी उरलेल्या चढावर पहिल्यांदाच कोणी कोणाबद्दल काही बोललं नाही.

आत काय झालं ते मला बाईंनीच पुढे सांगितलं. नव्या गाडीच्या वेळी त्या परत आल्या तेव्हा मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांना वाटलं, नुसते केसच कापतोय.

बाई उठून पुढे आल्या आणि दोघांच्या मागे बसल्या. "ही सगळी मंडळी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"पाय मोकळे करायला," आत्या समोर बघत म्हणाली.

"आणि तुम्ही नाही गेलात?" हे घड्याळजींना.

"माझा हात अडकलाय," ते म्हणाले. "सोडला तर गिअर बाहेर येतो."

"नवी गाडी आली तर तुमचा हात मोकळा होईल."

बाई म्हणतात, इंजिन जरा हळू झाल्यासारखं वाटलं. मग आत्या म्हणाली, "नवी गाडी आली तर यांना पुढे बसायचं कारण उरणार नाही." आणि लगेच जीभ चावली असणार, कारण तिने उगाचच हॉर्न वाजवला. तो हॉर्न आम्हीही मागे ऐकला होता. शिंप्यांना वाटलं होतं, गाय आडवी आली.

घड्याळजींनी हात हलवला नाही. "ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले, "नवी गाडी आली नाही, तर मी बसायलाच उरणार नाही. मुलाने खोली घेतलीय. तिथे लिफ्ट आहे."

"लिफ्ट?"

"हो. तिला गिअर नसतो."

इतकी वर्षं आम्ही कान लावून होतो त्या चढावर शेवटी काय बोललं गेलं, तर एवढं. आणि ऐकायला आमच्यापैकी एकही नव्हता! यासाठी मी हेडबाईंना अजून माफ केलेलं नाही.

आम्ही धापा टाकत माथ्यावर पोचलो तर आत्याचा चौथ्या गिअरमधला आवाज. म्हटलं, संपलं. सावकाश, एकमेकांच्या आड लपत पुढे गेलो. आत्या गाडीसमोर उभी, बॉनेट उघडं, बाई शेजारी. आणि आत्याची तोफ कोणावर? थोरलीवर!

"हे बघा, हा रेडिएटर. साबण लावून भोक बुजवते मी रोज. हे दार दोरीवर. ही काच या न्हाव्याच्या हातावर. त्या दिवशी तो शिंकला आणि काच रस्त्यात. ब्रेक? माझ्याबरोबर या, दाखवते, पायाने नाही लागत, आधी दोनदा दाबून तिला आठवण करून द्यावी लागते. आणि चढत नाही ती. अजिबात चढत नाही! ही सगळी माणसं रोज उतरतात, मी उतरा म्हणत नाही, म्हणायला लाज वाटते मला, तीच आपणहून उतरतात, ही हेडबाई गुडघे धरून चढते. अर्जात काय लिहिलंय पोरीने? जुनी आहे! जुनी काय, थकली आहे ती. बास झालं तिचं."

हे बोलताना एक हात बॉनेटवर थोपटत होता. आजारी लेकराबद्दल डॉक्टरला सांगताना आई थोपटते ना, तसा. धाकटी तोंडावर हात ठेवून उभी. तिने आईच्या तोंडून बहिणीबद्दल वाकडा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता.

"पुरे, पुरे!" बाई म्हणाल्या. "पटलं. अर्जात लिहिलंय त्याहून गाडी बरीच वाईट आहे." मग आमच्याकडे वळल्या. "मला एक सांगा, उतरा असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आत्याने तर उलट सांगितलं होतं.

"कोणीच नाही," धाकटी म्हणाली.

"आम्ही प्रत्येक गावाला विचारतो, तुम्ही स्वतः काय करता? आणि मग मला भाषणं ऐकावी लागतात. इथे कोणी अवाक्षर काढलं नाही. नुसते उतरलात."

"मी बोलत होते की!" हेडबाई दुखावल्या.

अनुदान मंजूर झालं. ती बातमी धाकटीने खालून फोनवर सांगितली तेव्हा आत्या घड्याळजींच्या दुकानात होती. कशाला, ते विचारू नका. तिच्याकडे घड्याळ नाही. शिंप्यांनी आनंदाने सगळ्यांच्या शर्टांना फुकट बटणं लावून देतो म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

नवी गाडी आली. पांढरी, उंच, दार स्वतःहून बंद होणारं. मागे ही मोठी काच. धाकटीच्या नंतरची म्हणून तिचं नाव पडलं शेंडेफळ. थोरलीची चाकं काढून तिला चौकात, दवाखान्याला जाणारे जिथे थांबतात तिथे, ओट्यावर बसवली. सकाळी गाडीची वाट बघत आम्ही तिच्यातच बसतो. ज्याच्या त्याच्या जागी. हेडबाईंचा हात अजून दोरीकडे जातो. घड्याळजींचा मुलगा येऊन गेला, त्याने शेंडेफळ बघितली, आत्याला बघितलं, वडिलांना बघितलं, आणि खोली भाड्याने देतो म्हणाला. हुशार मुलगा.

पण शेंडेफळची पहिली परतीची फेरी मी विसरणार नाही. घड्याळजी पुढेच बसले. कोणी कारण विचारलं नाही. वाकडं झाड आलं. आत्याने गिअर टाकला, तो सुरीसारखा आत गेला आणि तिथेच राहिला. घरघर नाही, धूर नाही. भरलेली गाडी चढ चढू लागली. आम्ही सगळे बसलेले. किती आराम! आणि किती वाईट! कोणाला काही बोलता येईना, कारण आत्याला ऐकू जातं. मला हाताला काम नाही, शिंप्यांच्या मांडीवर ठोकळा नुसताच. पुढे दोन पाठी, दोन्ही ताठ. घड्याळजींचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवलेला, दुसऱ्याच्या घरी विसरलेल्या छत्रीसारखा.

हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शिंप्यांकडे. त्यांनी धाकटीकडे.

"थांबव गं आत्या," हेडबाई म्हणाल्या. "पाय आखडलेत माझे."

"बसून?"

"बसूनच आखडतात. उतरू दे आम्हाला."

आत्याने आरशात एकेकाचं तोंड बघितलं. सगळी तोंडं भोळी. तिने गाडी थांबवली, दार आपोआप उघडलं, आणि आम्ही सगळे उतरलो. सगळ्यांत शेवटी मी. वय झालंय, वेळ लागतो. कान मात्र चांगले आहेत.

"धरलात?" आत्या म्हणाली.

"धरला," घड्याळजी म्हणाले.

आम्ही मागून चालू लागलो. हेडबाईंनी लगेच त्या साखरपुड्याचा विषय काढला, शिंपी ठोकळा बगलेत मारून चाकाशेजारी चालले. मागची काच मोठी आणि स्वच्छ आहे, पण आमच्यापैकी कोणी तिच्यातून बघत नाही. निदान एकाच वेळी सगळे तरी नाही.

शेंडेफळला तो चढ चढायला थोरलीच्या अर्धाही वेळ लागायला नको. पण लागतो. हल्ली माथ्यावर आधी आम्ही पोचतो, आणि कठड्यावर बसून गाडीची वाट बघतो.